आजारपणाचा हिशेब : आरोग्य अर्थतज्ज्ञाचे कार्य आणि आपला बीड जिल्हा



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, तहसीलदार, फौजदार ही उत्तरे आपल्याकडे ठरलेली आहेत. ‘मी आरोग्य अर्थतज्ज्ञ होणार’ असे उत्तर मात्र बीड जिल्ह्यात सहसा ऐकू येत नाही. ते येत नाही याचे कारण हा व्यवसाय आपल्या उपयोगाचा नाही असे नसून, तो काय असतो हेच आपल्याला कोणी सांगितलेले नाही, असे आम्हाला वाटते. प्रस्तुत लेखात या व्यवसायाची ओळख करून द्यावी आणि त्याची गरज आपल्याच जिल्ह्याला सर्वांत अधिक कशी आहे ते दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

आरोग्य अर्थशास्त्र म्हणजे काय?

रोगी दवाखान्यात गेला की डॉक्टर त्याला तपासतो, औषध देतो. परंतु तो दवाखाना कोणाच्या पैशाने उभा राहिला? औषधाची किंमत कोणी ठरविली? रोगी दोन दिवस घरी पडून राहिला, तर त्या दोन दिवसांची मजुरी कोणी सोसली? आणि ज्याच्याजवळ पैसा नव्हता म्हणून जो दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोणत्या वहीत झाली? या प्रश्नांची उत्तरे पुराव्यानिशी शोधणे हे आरोग्य अर्थशास्त्राचे काम होय.

या शास्त्राची आधुनिक सुरुवात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांच्या १९६३ सालच्या एका निबंधापासून मानली जाते. त्यांचा मुद्दा सोप्या भाषेत असा सांगता येईल. बाजारात आपण भाजी घेतो तेव्हा ती ताजी की शिळी हे आपल्याला कळते. दवाखान्यात तसे नसते. आपल्याला कोणता उपचार हवा हे आपल्याला कळत नाही. ते डॉक्टर सांगतो आणि त्या उपचाराचे पैसेही त्यालाच मिळतात. म्हणजे सल्ला देणारा आणि विकणारा एकच. असा व्यवहार केवळ बाजारावर सोपवून चालत नाही, त्याला नियम, विश्वास आणि विमा यांचा आधार लागतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

एका अर्थतज्ज्ञाचा अहवाल

अर्थतज्ज्ञाच्या लेखणीने कामगाराच्या आयुष्यात काय फरक पडतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्रा. बी. पी. आडारकर यांचे कार्य. चलनविषयक धोरण आणि संघराज्याचे अर्थकारण या विषयांवरील लेखनामुळे ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित होते. मार्च १९४३ मध्ये भारत सरकारने औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी हे खाते सांभाळले.

बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्राचे पंडित होते. १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहून मिळविली होती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. परंतु तिच्या श्रमाचा लाभ मालकालाही मिळतो, म्हणून तोही जबाबदारीतून सुटत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. विश्रांतीची किंमत आहे, ती कोणीतरी मोजतच असतो, प्रश्न एवढाच की ती कोणी मोजावी, ही आरोग्य अर्थशास्त्राची मूळ दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. पुढे १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला.

प्रा. आडारकरांनी आपला अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये सादर केला. विमा सक्तीचा असावा, तो वर्गणीवर चालावा, योजना सोपी आणि आर्थिकदृष्ट्या भक्कम असावी, अशी त्यांची भूमिका होती. जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ सालीच झाला होता. इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल १९४२ च्या अखेरीस आला होता. आडारकरांनी तोच विचार हिंदुस्थानातील गिरणी-कारखान्यांच्या परिस्थितीला लावून पाहिला. कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज व धातू या उद्योगांपासून सुरुवात करावी असे त्यांनी सुचविले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी, स्टॅक आणि राव यांनी, १९४५ मध्ये या अहवालाची छाननी केली. त्यांनी मूळ तत्त्वे मान्य केली, प्रसूतिलाभ आणि कामावरील अपघाताची भरपाई यांची त्यात भर घालण्यास सुचविले आणि योजना सर्व बारमाही कारखान्यांना लागू करावी असे म्हटले.

नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबई येथे आली. जुलै २०१९ पासून तिची वर्गणी मालकाकडून वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराकडून ०.७५ टक्का अशी ठरलेली आहे. विमेदार कामगार आजारी पडला तर त्याला औषधोपचार तर मिळतोच. शिवाय अटी पूर्ण केल्यास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. आजारी पडण्याचा हक्क, आणि तोही पगारासह, हे या अहवालाचे फळ होय.

‘हंगामी’ हा एक शब्द

आता वाचकांनी एक गोष्ट बारकाईने पाहावी. १९४८ चा कायदा सर्व कारखान्यांना लागू झाला, पण ‘हंगामी कारखाने सोडून’. हंगामी कारखाना कोणता, याची यादी कायद्यातच दिली होती. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, भुईमूग फोडणे, चहा, कॉफी, रबर यांच्याबरोबर त्या यादीत साखर आणि गूळ ही नावे होती. केवळ साखर बनविणारा कारखाना अशा रीतीने योजनेबाहेर राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाना वगळण्याची ही चौकट कायम आहे.

यामागे कोणाचा दुष्ट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. विमा चालवायचा तर वर्गणी नियमित यावी लागते, कामगाराची नोंद सलग असावी लागते. चार-सहा महिने काम आणि बाकीचे महिने गावी, अशा कामगाराची नोंद ठेवणे त्या काळी अवघड वाटले. परंतु परिणाम काय झाला? गिरणी कामगाराला आजारपणाची भरपाई मिळाली आणि साखरेच्या धंद्यातील कामगार मागे राहिला. ऊसतोड कामगार तर त्याहूनही दूर. त्याला कारखाना आपला कामगार मानत नाही. तो मुकादमाचा माणूस समजला जातो. म्हणजे हंगामी म्हणून एकदा आणि कंत्राटी म्हणून दुसऱ्यांदा तो वगळला गेला.

बीड जिल्ह्याचे आकडे

दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी, गेवराई, परळी या तालुक्यांतील गावे रिकामी होतात. लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची असते. ज्या दिवशी कोयता चालला नाही, त्या दिवशी मजुरी तर बुडतेच, वर ‘खाडा’ म्हणून दंडही कापला जातो.

२०१९ साली या जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्या वर्षी जूनमध्ये विधान परिषदेत देण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के, म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक असे पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण महाराष्ट्रात २.६ टक्के आणि देशात ३.२ टक्के होते.

येथे अभ्यासकाने सावध राहावे लागते. दोन पाहण्यांतील स्त्रियांचे वयोगट सारखेच आहेत काय, हे तपासल्याशिवाय दोन टक्केवाऱ्या सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. तरीही फरक एवढा मोठा आहे की केवळ वयाने तो उलगडावा असे दिसत नाही. शासनाने त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक केली. हे पाऊल योग्यच होते. कारण सल्ला देणारा आणि विकणारा एकच असेल तेव्हा तिसऱ्याची नजर लागते, हे ॲरो यांच्या मुद्द्यात आपण पाहिले. परंतु एवढ्याने प्रश्न सुटतो काय?

खाड्याचा हिशेब

आता आरोग्य अर्थतज्ज्ञ हा प्रश्न कसा मांडील ते पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. ठिकाणानुसार आणि हंगामानुसार ते बदलतात.

समजा, एका जोडीची दिवसाची मजुरी ८०० रुपये आणि खाडा ५०० रुपये आहे. म्हणजे बुडालेला एक दिवस कुटुंबाला १,३०० रुपयांना पडतो. स्त्रीला अंगावरून जाण्याचा त्रास आहे आणि त्यामुळे महिन्यातून दोन दिवस कोयता थांबतो. सहा महिन्यांच्या हंगामात असे १२ दिवस होतात. १२ दिवसांचे १५,६०० रुपये आणि दोन हंगामांचे ३१,२०० रुपये. शस्त्रक्रियेचा खर्च समजा ३०,००० रुपये आहे. दोन हंगामांत तो ‘वसूल’ होतो, असे कुटुंबाला वाटते. त्यात कोणी कॅन्सरची भीती घातली की निर्णय पक्का होतो.

ही बाई अडाणी आहे म्हणून तिने असे केले, असे शहरातील माणूस सहज म्हणून जातो. आम्हाला ते मान्य नाही. तिच्यासमोर जो हिशेब ठेवला गेला, त्यात तिने बेरीज बरोबर केली. चूक हिशेबाच्या रकान्यांत आहे. शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, नंतरची विश्रांतीची सक्ती, अंडाशयेही काढली असतील तर अकाली येणारी रजोनिवृत्ती आणि हाडांची झीज, चाळिशीतच कमी होणारी कामाची ताकद, हे रकाने त्यात नव्हतेच. उसाच्या फडावर पाणी, संडास आणि आडोसा असता तर मूळ त्रासच किती कमी झाला असता, हाही रकाना नव्हता.

आणि सर्वांत मोठा रकाना आडारकरांच्या अहवालातला. समजा, आजारपणाच्या दिवशी खाडा कापला गेला नसता आणि ७० टक्के मजुरी मिळाली असती. मग एका दिवसाचे नुकसान १,३०० ऐवजी २४० रुपये झाले असते. १२ दिवसांचे १५,६०० ऐवजी २,८८०. एवढ्या पैशांसाठी कोणती बाई गर्भाशय काढायला तयार होईल?

शासनाची जनआरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. अनेक गरीब कुटुंबांना तिने आधार दिला आहे. पण ही योजना दवाखान्याचे बिल भरते. बुडालेली मजुरी भरत नाही. सरकारी दवाखाना मोफत असला तरी तिथे जाण्याचा दिवस मोफत नसतो. ज्याची मजुरी रोजावर आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

वर्गणी कोठून आणावी?

हंगामी आणि फिरत्या कामगाराची वर्गणी गोळा होऊ शकत नाही, ही अडचण महाराष्ट्राने पूर्वीच एका क्षेत्रात सोडविली आहे. माथाडी कामगाराला एक मालक नसतो. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन केली. मालकाने मजुरी व तिच्यावरील ठरावीक अधिभार मंडळात भरायचा आणि मंडळाने कामगाराला मजुरी व इतर लाभ द्यायचे, अशी पद्धत बसविली.

उसाच्या बाबतीत तर नोंद अधिक सोपी आहे. कामगाराची हजेरी नसेल, पण प्रत्येक टन ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर मोजला जातो. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये आणि शासनाने तेवढीच रक्कम द्यावी, असे ठरविण्यात आले, ते याच विचाराने. आता पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊ. एका कारखान्याचे गाळप ५ लाख टन धरले, तर टनामागे २० रुपयांप्रमाणे १ कोटी रुपये होतात. आजारपणाचा एक दिवस ५६० रुपयांना पडतो असे धरले, तर त्यात सुमारे १७,८५० दिवस बसतात. एक कोयता हंगामात २५० टन ऊस तोडतो असे मानले, तर त्या कारखान्यावर २,००० कोयते असतील. प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ९ दिवस येतात.

आपल्या उदाहरणातील बाईला १२ दिवस हवे होते. प्रत्येक कोयत्याला तेवढे लागणार नाहीत. पण याच निधीतून इतर कल्याणकामेही करायची आहेत. म्हणजे रक्कम अपुरी पडेल, परंतु गोष्ट आवाक्याबाहेरची नाही, एवढे चौथीच्या गणितानेही कळते. नेमका दर किती असावा, आजारपणाचा दाखला कोणी द्यावा, परजिल्ह्यातील फडावर तो कसा मिळावा, खोटे दाखले कसे टाळावेत, हे पुढचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे भाषणांतून मिळत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षे आकडे गोळा करणारा, तपासणारा आणि मंत्रालयातील फायलीला उत्तर देऊ शकणारा माणूस लागतो.

या क्षेत्रात कसे यावे?

बारावीनंतर कोणत्याही शाखेतून, शक्यतो अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा गणित घेऊन, पदवी घ्यावी. वैद्यकीय, नर्सिंग किंवा समाजकार्याची पदवी घेतलेल्यांनाही मार्ग खुला आहे. पुढील शिक्षणासाठी आपल्या विद्यापीठातील अर्थशास्त्र विभाग आहेच. त्याखेरीज १९३० साली स्थापन झालेली पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था, १९३६ पासूनची मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि १९५६ पासूनची देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही राज्यातील मोठी केंद्रे होत. राष्ट्रीय पाहणीच्या कामात देवनारच्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

काम कशा स्वरूपाचे असते याचा एक नमुना सांगतो. रवी दुग्गल यांनी सुचेता अमीन यांच्यासह जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन कोण आजारी पडले, कोठे गेले, किती पैसे लागले, हे विचारले गेले. उपचाराचा मोठा भार शासन नव्हे तर कुटुंबे स्वतः उचलतात, हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आले. आज असा हिशेब राष्ट्रीय पातळीवर नियमित मांडला जातो. त्यानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून गेलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. चांगला अभ्यासक या आकड्यावर समाधान मानून थांबत नाही. लोकांचा खर्च कमी झाला तो उपचार स्वस्त झाले म्हणून, की काहींनी उपचार घेणेच सोडले म्हणून, असा प्रश्न तो विचारतो.

या व्यवसायात डॉक्टरसारखी पाटी लागत नाही, फौजदारासारखा रुबाब मिळत नाही. नियोजन खाते, आरोग्य खात्याच्या संशोधन संस्था, विद्यापीठे, विमा क्षेत्र आणि स्वयंसेवी संस्था यांत नोकऱ्या असतात. गणिताचा सराव, इंग्रजी वाचनाची सवय आणि संगणकावर आकडे हाताळण्याचे कौशल्य ही तीन साधने लवकर हाती घ्यावीत. ती शिकून येणारी आहेत, जन्माने मिळणारी नाहीत.

एक गोष्ट मात्र बीडच्या मुलांजवळ आधीपासून आहे आणि ती कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही. दूर राजधानीत बसून तयार केलेल्या प्रश्नावलीत डॉक्टरची फी, औषधे, गाडीभाडे यांचे रकाने असतात. ‘खाडा’ हा रकाना तिथे सुचणे कठीण आहे, कारण तो शब्दच तिथे ठाऊक नसतो. ज्याच्या आईने अंगात ताप असताना मोळी डोक्यावर घेतली, त्याला तो रकाना विसरता येणार नाही. १९४८ साली ‘हंगामी’ हा शब्द लिहिला गेला तेव्हा त्या खोलीत ऊसतोड कामगाराच्या घरचे कोणी नव्हते. पुढचा मसुदा लिहिला जाईल तेव्हा तिथे असायचे असेल, तर अभ्यासाला आजच बसले पाहिजे. पालकांनीही मुलीला ‘अर्थशास्त्र घेऊन काय करणार?’ असे विचारण्यापूर्वी हा लेख तिला वाचावयास द्यावा, ही विनंती.